तिसरं सिलिंडर

ढमढेरे आले ते गुरुवारी, लाइट नसताना.
सत्त्याण्णवची एस्टीम, एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर,
इंजिन कंपनीनं बसवलं तसंच,
हेडसुद्धा कधी उघडलेलं नाही.
म्हणाले, "नायट्रस बसवायचंय."

मी तेरा नंबरचा पाना खाली ठेवला.
नाना पेठेतल्या माझ्या गॅरेजात हे वाक्य
मिशी न फुटलेली पोरं बोलतात.
शर्ट खोचलेला, बासष्ट वर्षांचा माणूस पहिलाच.

"एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात होतो.
भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या उजव्या हाताला.
निळी टाकी मीच उघडायची, मीच बंद करायची.
त्या वायूनं किती माणसं निजली, मोजली नाहीत.
एकदा त्यानं काहीतरी
जागं होताना बघायचंय."

मी त्यांना देवाच्या फळीवरचा पिस्टन दाखवला.
कोंढव्याच्या एका पोराच्या लान्सरचा.
मधोमध भोक, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
आता त्यात उदबत्ती लावतो.
"वायू स्वतः जळत नाही, काका,
तो फक्त आत जास्तीचा श्वास नेतो.
त्या श्वासाच्या जोडीला पेट्रोल पोचलं नाही,
की हे असं."

इंजिन गरम केलं. चारही प्लग काढले.
पेट्रोल तोडलं, थ्रॉटल पूर्ण उघडा,
ते आत बसून चावी फिरवत होते, मी गेज धरून.
पहिलं एकशे पंच्याहत्तर. दुसरं सत्तर. चौथं बहात्तर.
तिसरं
एकशे अडतीस.

चमचाभर ऑइल ओतलं त्यात, पुन्हा बघितलं.
काटा एकशे साठवर.
म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंगा.
मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले,
"आम्ही पेशंटला आधी विचारायचो,
शेवटचं कधी जेवलात, ॲलर्जी कसली,
एखादा दात हलतोय का?"
"हा हलतोय," मी म्हटलं.
त्यांनी रुमालानं बोटं पुसली, एकेक.
"मग केस पुढे ढकला."

पाच आठवडे गेले. लेथवाल्याच्या घरी लग्न निघालं.
रिंगा चारीच्या चारी, हेड गॅस्केट, नवा पंप,
एक पायरी थंड प्लग, टायमिंग दोन अंश मागे.
आणि सगळ्यात बारीक जेट.
त्याहून मोठा मी हातातही घेऊ दिला नाही.
पाय तळाला टेकल्याशिवाय चालू होणार नाही,
तीन हजारांच्या खाली तर नाहीच.
टाकी डिकीत, पट्ट्यांनी आवळलेली.
उघडताना त्यांनी वास घेतला आणि दचकले.
"गंधक घालतात," मी म्हटलं, "कोणी हुंगू नये म्हणून."
"आमच्या वेळी गोडसर असायचा," ते म्हणाले,
आणि जरा नाराज दिसले.

चाकणपुढे एका बंद कारखान्याचा आतला रस्ता,
वॉचमन ओळखीचा. उजाडत होतं.
मी शेजारी. दुसऱ्या गिअरात, पाय तळाला.
सहा सेकंद.
पाठ सीटला चिकटली, आरसा थरथरला,
आणि त्या म्हाताऱ्या एस्टीमनं
एक असा आवाज काढला
की मी नकळत हँडब्रेकवर हात ठेवला.

मग त्यांनी पाय काढला. चावी लगेच बंद केली,
मी सांगितलं होतं तसं.
गाडी घरंगळत थांबली, ते उतरले,
डिकी उघडून टाकी आवळली
आणि समोर कुणी लिहून घेत असल्यासारखं
मोठ्यानं म्हणाले, "सहा सतरा."

मी तिसऱ्याचा प्लग काढला.
पांढरा नव्हता. चकाकणारे ठिपके नव्हते.
खारीच्या कडेला असतो तो रंग.
त्यांनी तो रुमालात घेतला, चष्मा वर केला,
खूप वेळ बघितला.
चटका बसत असणार.
ठेवला नाही.